वेल्सच्या किनाऱ्यावर शरद ऋतूतला कॉटेज-मुक्काम: तारीख ठरवण्यापासून किल्ली परत करेपर्यंत

ब्रिटनमध्ये राहणारी अनेक मराठी कुटुंबे ऑक्टोबरमधल्या शाळेच्या सुट्टीत पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर कॉटेज भाड्याने घेऊन आठवडाभर राहण्याचा बेत करतात, आणि भारतातून आलेले आई-वडीलही बऱ्याचदा सोबत असतात. या मुक्कामातल्या बहुतेक अडचणींचे कारण एकच असते, ते म्हणजे कामांचा उलटा क्रम. आधी फोटो पाहून घर ठरते, मग त्या घराच्या मोकळ्या तारखा मिळतील तशा घेतल्या जातात, आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक थेट वाळूवर उभे राहिल्यावर उघडले जाते. उन्हाळ्यात असे केले तरी निभावून जाते. शरद ऋतूत मात्र दिवस झपाट्याने लहान होत असतात, समुद्राच्या पातळीतला चढ-उतार वर्षातल्या सर्वांत मोठ्या चढ-उतारांपैकी असतो, आणि पावसामुळे अर्धा वेळ घरातच जाणार हे गृहीत धरावे लागते. म्हणून आधी तारीख, मग जागा, मग घर आणि शेवटी सामान, हाच क्रम ठेवावा. पुढील टप्पे पेंब्रोकशर समोर ठेवून लिहिले आहेत. गॉवर द्वीपकल्पालाही ते थोड्याफार फरकाने लागू पडतात.

## १. तारीख: शाळेची सुट्टी, घड्याळ आणि चंद्र

सप्टेंबरच्या उत्तरार्धात समुद्राचे पाणी वर्षातल्या सर्वांत उबदार पातळीजवळ असते, सूर्य संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत मावळत नाही आणि बोटींच्या फेऱ्या चालू असतात. लहान मुलांना अजून शाळा नसेल, तर माझ्या मते हाच काळ उत्तम. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा शांत आणि तुलनेने स्वस्त असतो. महिन्याच्या अखेरीस शाळांच्या सुट्टीचा आठवडा येतो, त्या वेळी भाडे वाढते. ही सुट्टी प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत एकाच आठवड्यात येईल असे नाही, त्यामुळे आपल्या शाळेच्या तारखा पाहूनच आरक्षण करावे. सुट्टी संपली की अनेक कॅफे, बोटी आणि पर्यटनस्थळे वसंतापर्यंत बंद होतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे जाते. त्यानंतर पेंब्रोकशरमध्ये सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. त्या आठवड्यात जाणार असाल, तर बाहेर पडण्याची वेळ सकाळी नऊ धरावी. अकराला निघणाऱ्यांच्या हाती फार थोडा उजेड उरतो.

तिसरी गोष्ट चंद्राची. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते, आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनाच्या आसपास ती सर्वांत मोठी असते. घरात मराठी दिनदर्शिका असेल तर हे पाहणे सोपे आहे: सर्वपित्री अमावास्या, कोजागरी पौर्णिमा आणि लक्ष्मीपूजन या तिन्हींच्या पाठोपाठचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. उधाणाचे दिवस टाळावेत असे नाही, कारण ओहोटीला सर्वांत विस्तीर्ण वाळू त्याच दिवसांत उघडी पडते. ते दिवस कोणते, हे आधी ठाऊक असावे एवढेच.

पडताळणी: घर पाहण्याआधी एका कागदावर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाचा सूर्यास्त आणि दिवसातली ओहोटी लिहून काढावी.

## २. जागा: कोणत्या बाजूचा किनारा

पेंब्रोकशरची किनारी पायवाट १८६ मैलांची आहे, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर, आणि तिच्या वेगवेगळ्या भागांत राहण्यात फार फरक पडतो.

आई-वडील सोबत असतील किंवा गाडी नसेल, तर टेन्बी किंवा सॉन्डर्सफूट निवडावे. टेन्बीत रेल्वे स्थानक, दुकाने, औषधालय आणि किनारा हे सर्व चालत जाण्याच्या अंतरात आहे. शिवाय शरदातले जोरदार वारे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतात आणि सॉन्डर्सफूटचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्याने तिथे आडोसा मिळतो. चालण्याची आवड असलेल्यांनी सेंट डेव्हिड्स, सॉल्वा किंवा पोर्थगेनच्या परिसरात घर पाहावे. तिथे कडे उंच, वारा थेट आणि संध्याकाळी सहानंतर दुकाने जवळपास बंद, हे स्वीकारावे लागते. सील पाहणे हा मुख्य हेतू असेल तर मार्लोस आणि मार्टिन्स हेवनचा भाग सोयीचा आहे.

नेहमीची चूक: पफिन पक्षी पाहण्यासाठी ऑक्टोबरमध्ये स्कोमर बेटाचा बेत करणे. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत निघून गेलेले असतात, आणि बेटावर उतरण्याचा हंगामही सप्टेंबरअखेर संपतो.

## ३. पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

घराचे फोटो बहुधा जूनमधले असतात, त्यामुळे त्यांतून हिवाळी उपयोगाची माहिती मिळत नाही. पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत.

पहिला प्रश्न उष्णतेचा. ग्रामीण पेंब्रोकशरमध्ये अनेक घरांना पाइपचा गॅस नसतो. तेलावर, टाकीतल्या गॅसवर किंवा विजेवर चालणारे हीटिंग असते आणि काही जुन्या घरांत मुख्य भिस्त लाकडाच्या बंदिस्त शेगडीवर असते. हीटिंगचा खर्च भाड्यात धरला आहे का, ते आपल्याला हवे तेव्हा चालू करता येते का, आणि सरपण किती मिळेल, हे तिन्ही विचारावे. फक्त शेगडीवर तापणारे घर म्हाताऱ्या माणसांसाठी घेऊ नये, कारण पहाटे चारला ते गार पडलेले असते.

दुसरा प्रश्न जिन्याचा. जुन्या कॉटेजचे जिने अरुंद आणि उभे असतात, तुळया खाली असतात आणि शौचालय बऱ्याचदा फक्त एकाच मजल्यावर असते. ज्येष्ठांसाठी झोपण्याची खोली आणि शौचालय एकाच मजल्यावर हवे.

तिसरा प्रश्न ओट्यावरच्या शेगडीचा. ती गॅसची आहे, साध्या विजेची की इंडक्शनची? इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, आणि हे पहिल्या रात्री भुकेल्या मुलांसमोर कळणे फार त्रासाचे असते.

चौथा प्रश्न पत्त्याचा. ग्रामीण भागात एकाच पोस्टकोडमध्ये दूरदूरची कितीतरी घरे येतात, आणि नकाशाचे ॲप एखाद्या अनोळखी शेताच्या फाटकाशी नेऊन सोडते. मालकाकडून नकाशावरचा नेमका बिंदू आणि शेवटच्या दोन मैलांचे लेखी वर्णन मागून घ्यावे.

याखेरीज सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते का, इंटरनेट आहे का, गाडी कुठे लावायची, आणि मुक्काम शनिवार ते शनिवारच घ्यावा लागतो की तीन-चार रात्रींचाही चालतो, हे विचारून घ्यावे. उरलेली रक्कम साधारणपणे मुक्कामाच्या काही आठवडे आधी भरावी लागते. ती तारीख चुकल्यास आरक्षण रद्द होऊ शकते. खराब हवामानासाठी पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून रद्द करण्याच्या अटी वाचून मगच विमा घ्यावा. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा प्रवासविमा मुक्कामाच्या सर्व दिवसांना लागू आहे, याचीही खात्री करावी.

## ४. सामान: आधी स्वयंपाकघर, मग कपडे

कॉटेजमध्ये भांडी असतात, पण आपल्या स्वयंपाकाला लागणारी नसतात. इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर, सपाट तळाचा तवा, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा आणि कढईवर घट्ट बसणारे झाकण एवढे न्यावे. तूरडाळ, पोहे, कणीक आणि मसाले घरूनच न्यावेत. वाटेत घ्यायचे असतील तर कार्डिफमध्ये घ्यावेत, कारण त्यापुढे ते मिळण्याची शक्यता कमी होत जाते. दूध, भाजी, अंडी यांसाठी हॅव्हरफर्डवेस्टमध्ये मोठी दुकाने आहेत, परंतु इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडे राहता येते. शनिवारी रात्री पोचून रविवारी संध्याकाळी खरेदीला निघणाऱ्यांना दार बंद दिसते.

सावधान: भारतातून थेट येणाऱ्या पाहुण्यांनी सामानात तूप, पेढे, पनीर किंवा मांसाचे पदार्थ आणू नयेत. भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये आणण्यास प्रवाशांना बंदी आहे. तूप ब्रिटनमध्ये सहज मिळते.

कपड्यांबाबत एकच आग्रह आहे: छत्रीवर विसंबू नये. इथल्या वाऱ्यात ती उलटते, आणि कड्यावरच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे असणे आवश्यक असते. टोपी असलेले जलरोधक जाकीट, त्याखाली पावसाळी विजार आणि तळव्याला खोल खाचा असलेले बूट हे प्रत्येकाला हवेत. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. घरातल्या दगडी फरशीसाठी जाड मोजे किंवा सपाता न्याव्यात. प्रत्येकी एक टॉर्च, औषधांचा पूर्ण साठा, आणि उत्तर पेंब्रोकशरसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ३५ किंवा दक्षिणेसाठी ओएल ३६ हा कागदी नकाशा जवळ असावा, कारण खाड्यांच्या तळाशी फोनला संकेत मिळत नाही.

## ५. प्रवास आणि पहिली संध्याकाळ

लंडनहून सेंट डेव्हिड्स सुमारे २५० मैल आहे आणि थांबे धरून सहा तास मोजावेत. एम ४ महामार्ग पॉन्ट अब्राहमला संपतो, पुढे ए ४८ ने कारमार्थन आणि ए ४० ने हॅव्हरफर्डवेस्ट येते. सेव्हर्नच्या पुलांवर २०१८ च्या डिसेंबरपासून टोल नाही. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडच्या ३० ची सवय असलेल्यांनी प्रत्येक गावाच्या वेशीवर पाटी पाहावी.

शेवटचे काही मैल सर्वांत कठीण असतात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणे आणि मध्ये एकाच गाडीपुरता रस्ता असतो. समोरून गाडी आली तर ज्याला बाजूची रुंद जागा जवळ आहे त्याने मागे घ्यायची, ही तिथली रीत आहे. त्यामुळे मागे गाडी घेण्याचा सराव असलेल्यानेच हा टप्पा चालवावा. घराचा ताबा बहुधा दुपारी चारला मिळतो आणि ऑक्टोबरअखेर पाचला अंधारू लागते, म्हणून चार वाजता दाराशी असणे हेच उद्दिष्ट ठेवावे.

आत शिरल्यावर सामान उतरवण्याआधी पुढील क्रमाने कामे करावीत.

१. हीटिंग चालू करावे. जाड दगडी भिंतींचे घर तापायला कित्येक तास घेते.
२. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सूचक यंत्रांचे बटण दाबून ती वाजतात का ते पाहावे.
३. विजेचा मुख्य खटका, पाण्याचा मुख्य नळ आणि घराची माहितीवही कुठे आहे ते शोधावे.
४. आधीपासून असलेले डाग, तडे आणि मोडतोड यांचे फोटो काढून मालकाला त्याच संध्याकाळी पाठवावेत.

पडताळणी: घराचा पत्ता आणि नकाशावरचा बिंदू कागदावर लिहून फ्रिजवर लावावा. आणीबाणीत ९९९ ला फोन केल्यावर जागा विचारली जाते, आणि आई-वडिलांना ती तोंडपाठ नसते.

## ६. घर वापरताना

लाकडाच्या शेगडीत फक्त पूर्ण वाळलेले सरपण घालावे. किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड कितीही आकर्षक दिसले तरी जाळू नये. त्यातल्या मिठामुळे विषारी धूर होतो आणि शेगडीचे लोखंडही खराब होते. हवेची झडप पूर्ण उघडून जाळ धरू द्यावा, नंतर ती हळूहळू कमी करावी, आणि झोपताना शेगडीचे दार घट्ट लावलेले असावे. राख गार वाटली तरी आत निखारे कित्येक तास जिवंत राहतात, म्हणून ती धातूच्या बादलीत भरून घराबाहेर दगडावर ठेवावी.

फोडणी देताना पंखा आधी लावावा, स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडावी. मोहरी-मिरचीच्या धुराने सूचक यंत्र वाजते, आणि मग ते काढून ठेवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. शेगडी पेटलेल्या घरात ते यंत्र जीव वाचवते. तळणाचे तेल मोरीत ओतू नये, गार करून बाटलीत भरावे. सेप्टिक टँक असलेल्या घरात शौचालयात शौचकागदाखेरीज काहीही टाकता येत नाही, ओले पुसकागद (वेट वाइप्स) सुद्धा नाहीत. हळदीचे हात पांढऱ्या टॉवेलला लागले तर डाग निघत नाही आणि भरपाई मागितली जाऊ शकते, म्हणून स्वयंपाकासाठी आपले जुने पंचे न्यावेत.

न्हाणीघराची जमीन कोरडी ठेवायची असते, तिला पाणी जायला वाट नसते. बादलीतून अंघोळ करायची असल्यास ती टबात किंवा शॉवरच्या चौकटीतच करावी, अन्यथा पाणी खालच्या छतातून गळते. गरम पाण्याची टाकी लहान असेल तर सर्वांच्या अंघोळी लागोपाठ न करता सकाळ-संध्याकाळ वाटून घ्याव्यात. भिजलेले कपडे विजेच्या हीटरवर कधीही टाकू नयेत.

## ७. दिवसाची आखणी: आधी ओहोटी, मग जेवण

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. मिलफर्ड हेवन येथे उधाणाच्या भरती आणि ओहोटीतला फरक सरासरी सहा मीटरांहून अधिक असतो, म्हणजे दुमजली घराएवढा. मुंबई किंवा कोकणच्या किनाऱ्यावर घडलेला अंदाज इथे कमी पडतो.

पहिली गोष्ट: आपल्या किनाऱ्याजवळच्या बंदराचे वेळापत्रक पाहावे, उदाहरणार्थ टेन्बी, मिलफर्ड हेवन किंवा फिशगार्ड. छापील तक्त्यात वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेत आहे का ते तपासावे. तशी असेल आणि घड्याळ अजून मागे गेलेले नसेल, तर त्यात एक तास मिळवावा लागतो. या एका तासाने अनेकांना अडकवले आहे.

दुसरी गोष्ट: पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात ते एकूण फरकाच्या बाराव्या भागाएवढेच चढते, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत चढते. पहिल्या तासात समुद्र थांबल्यासारखा वाटतो, आणि त्या शांततेवर विश्वास ठेवणारे पुढच्या दोन तासांत कोंडीत सापडतात.

तिसरी गोष्ट: या भागात उधाणाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते आणि भरती सकाळ-संध्याकाळी. ओहोटी दीडला असेल, तर सर्वांत वेगाने पाणी साडेतीन ते साडेपाच या वेळात चढते, आणि त्याच वेळी सूर्यास्ताचे फोटो काढायला कुटुंबे वाळूवर रेंगाळतात. मार्लोस सँड्ससारख्या ठिकाणी भरतीला जवळपास सगळी वाळू पाण्याखाली जाते आणि मागे चढता न येणारा कडा उरतो. भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या, दिवसांत उलट असते: दुपारी भरती असते, म्हणून ते दिवस कड्यावरच्या वाटेसाठी किंवा गावे पाहण्यासाठी ठेवावेत.

यावरून नियम असा: ओहोटीच्या दोन तास आधी वाळूवर उतरावे, ओहोटीच्या वेळी परतीची वाट धरावी, आणि ओहोटीनंतर तासाभरात कड्याच्या टोकापलीकडे कोणीही नसावे. जेवणाची वेळ त्यानुसार पुढे-मागे करावी.

सावधान: गॉवरमधल्या रोसिली येथील वर्म्स हेडकडे जाणारी खडकाळ वाट ओहोटीच्या आधी आणि नंतर साधारण अडीच तासच उघडी असते. पलीकडे अडकल्यास पाण्यात उतरू नये. तिथेच थांबून ९९९ ला फोन करावा आणि कोस्टगार्ड मागावा.

पोहण्याबाबत: जीवरक्षकांचा हंगाम बहुतेक किनाऱ्यांवर सप्टेंबरमध्येच संपतो. फ्रेशवॉटर वेस्टला समुद्राकडे ओढणारे प्रवाह फार जोरदार आहेत, तिथे मुलांना गुडघाभर पाण्यापुढे जाऊ देऊ नये.

## ८. कडे, सील आणि लाल निशाणे

पावसानंतर कडे ढासळतात. वर चालताना काठापासून दूर राहावे आणि खाली कड्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसू नये.

ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत करड्या सीलची पिल्ले जन्मतात. वाळूवर एकटे पडलेले पांढरे पिल्लू टाकून दिलेले नसते. आई जवळच पाण्यात असते आणि माणसे दिसली की परत यायला बिचकते. खाली उतरू नये, पिल्लाला पाण्यात ढकलू नये, ड्रोन उडवू नये. मार्टिन्स हेवनजवळच्या डिअर पार्कच्या कड्यावरून दुर्बिणीने ती स्पष्ट दिसतात, आणि आई-वडिलांना दाखवायलाही ही जागा चांगली आहे. पिल्लू जखमी दिसल्यास आरएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेला कळवावे.

सेंट गोवन्स चॅपल पाहायचे असेल तर कासलमार्टिनच्या लष्करी गोळीबाराच्या तारखा आदल्या दिवशी तपासाव्यात. लाल निशाण वर असेल तर तो रस्ता बंद असतो.

## ९. वादळाचा दिवस

रोज रात्री मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, पिवळा, केशरी किंवा लाल इशारा पाहावा. केशरी इशाऱ्याला किनाऱ्याकडे फिरकू नये. लाटा पाहायला धक्क्यावर जाणे हा यातला सर्वांत घातक हट्ट आहे. न्यूगेलला वादळात गोटे उडून ए ४८७ रस्त्यावर येतात आणि तो बंद होतो, तेव्हा सेंट डेव्हिड्सकडच्यांनी हॅव्हरफर्डवेस्टच्या फेऱ्या आदल्या दिवशीच उरकाव्यात. वीज गेल्यास १०५ क्रमांकावर कळवावे. घराला विहिरीचे पाणी असेल तर विजेबरोबर पंपही थांबतो, म्हणून इशारा मिळताच पिण्याचे पाणी भरून ठेवावे आणि फोन चार्ज करावेत. तातडीची नसलेली दुखणी १११ वर विचारता येतात. अपघात विभाग हॅव्हरफर्डवेस्टच्या विदीबुश रुग्णालयात आहे.

## १०. निघण्याचा दिवस

घर बहुधा सकाळी दहाला सोडावे लागते, त्यामुळे आवरण्याचे काम आदल्या रात्री सुरू करावे. वेल्समध्ये कचऱ्याची विभागणी कडक आहे: उरलेले अन्न, काच, कागद-पुठ्ठा, आणि धातू-प्लॅस्टिक वेगवेगळे ठेवावे लागतात. कोणते कुठे, हे माहितीवहीत लिहिलेले असते. ओटा आणि भिंतीवरचे हळदीचे, तेलाचे शिंतोडे रात्रीच पुसावेत, सकाळपर्यंत ते चिकटतात. मसाल्याचा वास जाण्यासाठी तासभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि निघताना सर्व बंद कराव्यात, कारण पुढचा पाऊस पाहुण्यांची वाट पाहत नाही.

किल्ली तिच्या पेटीत ठेवून आकडे फिरवावेत, पेटीचा फोटो काढावा, आणि निघालो असा निरोप मालकाला लगेच पाठवावा. अनामत रक्कम दिली असेल तर ती परत मिळण्याची मुदत त्याच निरोपात विचारून घ्यावी.